एका इंचाची चूक : सिम्पसन वाळवंटातील सीमाखुंटाचा इतिहास

१/
ऑस्ट्रेलियाच्या नकाशाकडे पाहिले की पहिली गोष्ट जाणवते ती सरळ रेषांची. तेथील राज्यांच्या सीमा पट्टी ठेवून आखल्यासारख्या दिसतात, आणि बहुतेक तशाच आखल्या गेल्या आहेत. पण कागदावरची रेषा जमिनीवर उतरवायला कोणाला तरी पायी चालत जावे लागते. साउथ ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलंड आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा जेथे मिळतात, तो बिंदू एका वाळवंटात, खाऱ्या सरोवराच्या काठी आहे. या धाग्यात त्या बिंदूची आणि तेथवर पोहोचू पाहणाऱ्या माणसांची हकिकत.

२/
आरंभ लंडनमध्ये होतो. १८३४ साली ब्रिटिश संसदेने साउथ ऑस्ट्रेलिया ही वसाहत स्थापण्याचा कायदा केला. तिच्या सीमा ठरल्या त्या आकड्यांनी : पश्चिमेला १३२ अंश पूर्व रेखांश, पूर्वेला १४१ अंश, उत्तरेला २६ अंश दक्षिण अक्षांश. हा कायदा झाला तेव्हा त्या उत्तर सीमेचा प्रदेश एकाही युरोपियनाने पाहिलेला नव्हता. तेथे नदी आहे की डोंगर, पाणी आहे की नाही, याची माहिती कायदा करणाऱ्यांना नव्हती. त्यांना ती आवश्यकही वाटली नाही.

३/
आपल्याकडे गावाची शीव ओढ्याने, टेकडीने, जुन्या वडाने किंवा रोवलेल्या दगडाने ठरत असे. गावातील वृद्धांना ती तोंडपाठ असे. शीव आधी आणि नकाशा नंतर, असा तो क्रम होता. ऑस्ट्रेलियात हा क्रम उलटा झाला. आकडा आधी आला, आणि त्या आकड्याची जागा नेमकी कोठे, हे शोधण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर पडले.

४/
हे काम किती अवघड आहे याचा पहिला धडा १४१ अंशाच्या रेषेने दिला. साउथ ऑस्ट्रेलिया आणि आजचा व्हिक्टोरिया यांच्यामधील ही सीमा. १८३९ मध्ये चार्ल्स टायर्स याने समुद्रकिनाऱ्याजवळ रेखांशाची जागा ठरवली. १८४७ मध्ये हेन्री वेड याने तेथून उत्तरेकडे रेषा आखायला घेतली. पुढचा, मॅली झुडपांच्या निर्जल प्रदेशातील टप्पा एडवर्ड व्हाइट याने पूर्ण केला, आणि १८५० मध्ये रेषा मरे नदीपर्यंत पोहोचली.

५/
रेषा झाली, पण ती चुकीच्या जागी होती. अक्षांश ताऱ्यांच्या उंचीवरून बऱ्यापैकी अचूक काढता येतो. रेखांशासाठी मात्र ठरावीक ठिकाणची अचूक वेळ माहीत असावी लागते, कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. वेळेत चार सेकंदांची चूक झाली तर त्या अक्षांशावर जागा दीड किलोमीटरने सरकते. १८६८ मध्ये तारयंत्राच्या साहाय्याने वेळ जुळवून पाहिली, तेव्हा जुनी रेषा खऱ्या रेखांशाच्या साडेतीन किलोमीटरहून अधिक पश्चिमेला असल्याचे उघड झाले. त्यामुळे मरे नदीच्या उत्तरेला रेषा एका जागी आणि दक्षिणेला दुसऱ्या जागी अशी झाली. नकाशावर तो बाक आजही दिसतो.

६/
या चुकीमुळे सुमारे १,३०० चौरस किलोमीटर जमीन व्हिक्टोरियाकडे गेली. साउथ ऑस्ट्रेलियाने ती परत मागितली. वाद अनेक दशके चालला आणि शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. १९१४ मध्ये निकाल व्हिक्टोरियाच्या बाजूने लागला. दोन्ही वसाहतींच्या सरकारांनी जी रेषा आखून घेतली आणि मानली, तीच सीमा. आकड्याशी ती जुळत नसली तरी तिला बाध येत नाही. म्हणजे एकदा खुंट रोवला आणि मानला गेला की तो आकड्याहून बलवान ठरतो. पुढच्या कथेत हे सूत्र लक्षात ठेवावे लागेल.

७/
दरम्यान नकाशा बदलत होता. १८५९ मध्ये क्वीन्सलंड ही स्वतंत्र वसाहत झाली. १८६२ मध्ये तिची पश्चिम सीमा, २६ अंशाच्या उत्तरेस, १३८ अंश रेखांशापर्यंत सरकवण्यात आली. १८६३ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीचा कारभार साउथ ऑस्ट्रेलियाकडे आला. आता क्वीन्सलंडची सीमा १४१ अंशावरून उत्तरेला जाते, २६ अंशावर पश्चिमेला वळते आणि १३८ अंशावर पुन्हा उत्तरेला वळते, असा पायरीसारखा आकार तयार झाला. या पायरीचे कोपरे जमिनीवर शोधायचे होते.

८/
ही निकड गुरांच्या कळपांमुळे आली. १८७०च्या दशकात पशुपालक आतल्या प्रदेशात सरकू लागले. चराईचे पट्टे कोणत्या वसाहतीने द्यायचे, भाडे कोणी घ्यायचे, गुरांवरची जकात कोठे वसूल करायची, हे प्रश्न उभे राहिले. रेषा जमिनीवर नसेल तर महसूल कोणाचा, याचे उत्तर कोणालाच देता येत नव्हते.

९/
१८८० मध्ये न्यू साउथ वेल्सचा मोजणीदार जॉन कॅमेरॉन २९ अंशाची रेषा आखत १४१ अंशापर्यंत पोहोचला आणि तेथे त्याने खुंट रोवला. तो आजचा कॅमेरॉन कॉर्नर. तेथून १४१ अंशावर उत्तरेकडे गेले की २६ अंशावर हॅडन कॉर्नर लागतो. हॅडन कॉर्नरपासून पश्चिमेकडे, १३८ अंशापर्यंतची रेषा आखण्याचे काम साउथ ऑस्ट्रेलियाचा मोजणीदार ऑगस्टस पॉपेल याच्याकडे होते. त्याचा जन्म जर्मनीतील हॅम्बुर्गचा. अंतर होते तीन अंश रेखांशाचे, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर.

१०/
हे अंतर पायी, साखळीने मोजायचे होते. त्या काळी ब्रिटिश साम्राज्यात सर्वत्र चालणारी साखळी ६६ फुटांची, १०० दुव्यांची असे. महाराष्ट्रात हे माप अनोळखी नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, आणि ३३ फूट म्हणजे या साखळीची निम्मी लांबी. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर, आणि चाळीस गुंठ्यांचाही एक एकर. सातबाराच्या उताऱ्यात आपण जी मापे वाचतो, त्याच कुळातील साखळी पॉपेलची माणसे वाळूवरून ओढत होती.

११/
पद्धत साधी होती. एक माणूस मागचे टोक धरून उभा राहतो, दुसरा पुढचे टोक घेऊन सरळ रेषेत चालतो, साखळी ताणतात, खूण करतात, पुढे जातात. ३०० किलोमीटरसाठी ही क्रिया सुमारे १५ हजार वेळा करावी लागते. सपाट जमिनीवर हे कंटाळवाणे काम आहे. या रेषेच्या पश्चिमेकडच्या भागात तर जमीन सपाटही नव्हती.

१२/
तेथे ज्याला आज सिम्पसन वाळवंट म्हणतात ते सुरू होते. उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे, एकमेकींना समांतर अशा वाळूच्या लांबच लांब टेकड्या, संपूर्ण वाळवंटात हजाराहून अधिक. काही टेकड्या शेकडो किलोमीटर सलग जातात. पूर्व-पश्चिम चालणाऱ्याला त्या आडव्या येतात. प्रत्येक चढावी आणि उतरावी लागते. त्यातही त्यांचा पूर्वेकडचा उतार अधिक उभा असतो, आणि पॉपेल पूर्वेकडूनच येत होता. प्रत्येक टेकडीची कठीण बाजू त्याच्या वाट्याला आली.

१३/
१८८०च्या अखेरीस, म्हणजे दक्षिण गोलार्धातील ऐन उन्हाळ्यात, मोजणी १३८ अंशापर्यंत आली. बिंदू पडला तो एका कोरड्या खाऱ्या सरोवरात. खुंटासाठी आजूबाजूला एकही योग्य झाड नव्हते. म्हणून मलिगन नदीकाठच्या कूलिबा झाडाचा, सुमारे सात फूट लांबीचा ओंडका ९० किलोमीटर ओढत आणून तेथे रोवला गेला. कूलिबा ही युकॅलिप्टसच्या कुळातील, अत्यंत कठीण लाकडाची जात. सीमेचा कोपरा पक्का झाला, असे वाटले.

१४/
नंतर पॉपेलची साखळी प्रमाण मापाशी ताडून पाहण्यात आली. ती एक इंचाने लांब निघाली.

साखळीचे दुवे एकमेकांवर घासतात, कड्या झिजतात, आणि झिजलेली साखळी आखूड होत नाही, लांब होते. प्रत्येक सांध्यावरची केसभर झीज शंभर दुव्यांत मिळून इंचभर होते. वाळूत ही झीज आणखी लवकर होते.

१५/
आता हिशेब पाहू. साखळी लांब असेल तर मोजणारा समजतो त्यापेक्षा प्रत्यक्षात अधिक पुढे जातो. १५ हजार वेळा एक इंच म्हणजे सुमारे ३८० मीटर. साखळी पहिल्या दिवसापासून पूर्ण इंचाने लांब असती तर चूक एवढी झाली असती. पण साखळी वापरासोबत झिजत जाते, तेव्हा खरी चूक त्याहून कमी असणे स्वाभाविक होते. खुंट योग्य जागेच्या सुमारे ३०० मीटर पश्चिमेला पडला होता.

१६/
निर्जन वाळवंटात ३०० मीटरने काय बिघडते, असा प्रश्न पडेल. पण हा खुंट शेवटचा नव्हता. येथून रेषा उत्तरेकडे, कार्पेन्टारियाच्या आखातापर्यंत, हजार किलोमीटरहून अधिक जायची होती. आरंभच ३०० मीटर चुकला असता तर क्वीन्सलंडला ३०० चौरस किलोमीटरहून अधिक जमीन जास्तीची मिळाली असती. व्हिक्टोरियाच्या सीमेचे भांडण तेव्हा मिटलेले नव्हते, त्यामुळे या धोक्याची जाणीव साउथ ऑस्ट्रेलियाला चांगलीच होती. खुंट मानला जाण्यापूर्वी हलवणे भाग होते.

१७/
१८८४ मध्ये हे काम झाले. लॉरेन्स वेल्स या तरुण मोजणीदाराने कूलिबाचा तो खुंट उपटून पूर्वेला, सरोवराच्या काठाजवळ, दुरुस्त जागी रोवला. पुढे उत्तरेकडची रेषा सुरू झाली. पॉपेलला दृष्टी अधू झाल्याने काम सोडावे लागले. वेल्सने ते पुढे नेले आणि १८८६ मध्ये रेषा आखातापर्यंत पोहोचली. कोपऱ्याला आणि सरोवराला नाव मात्र पॉपेलचेच राहिले.

१८/
मोजणीदारांच्या दृष्टीने हा प्रदेश ओसाड होता. पण तेथे माणसे राहत होती. वांगकांगुरू लोकांची ही भूमी. टेकड्यांच्या मधल्या सखल भागात त्यांनी खोल, अरुंद विहिरी खणल्या होत्या; त्यांना ते ‘मिकिरी’ म्हणत. पाऊस झाला की माणसे दूरवर पसरत, पाणी आटले की मिकिरीकडे परतत. प्रत्येक विहिरीची जागा, तिचे नाव, तिच्याशी जोडलेल्या पूर्वजांच्या कथा आणि गीते पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जात होत्या.

१९/
१८८६च्या आरंभी डेव्हिड लिंडसे हा शोधक पश्चिमेकडून या वाळवंटात शिरला. एका वांगकांगुरू माणसाने त्याला एका मिकिरीपासून दुसऱ्या मिकिरीपर्यंत नेले. अशा नऊ विहिरी पाहत लिंडसे क्वीन्सलंडच्या सीमेपर्यंत जाऊन परतला. ज्या प्रदेशात पाणी बरोबर न्यावे लागे, तेथे पाण्याची एक पूर्ण वाट अस्तित्वात होती. ती जाणणाऱ्यांना सीमा आखताना कोणी विचारले नव्हते. विसावे शतक उजाडेपर्यंत वांगकांगुरू लोक वाळवंट सोडून कडेच्या वस्त्यांत, गुरांच्या रानांवर आणि मिशनांत गेले होते. विहिरी हळूहळू वाळूने भरल्या.

२०/
या कथेला एक धागा आपल्या बाजूचाही आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील वाहतूक ज्या उंटांनी शक्य केली, त्यांचा पहिला मोठा जथा १८६६ मध्ये कराचीहून गेला. शंभराहून अधिक उंट होते, आणि त्यांच्यासोबत उंट हाकणारे. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. ही माणसे बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी अशा अनेक समाजांतील. ऑस्ट्रेलियात सर्वांना ‘अफगाण’ हेच एक नाव मिळाले.

२१/
त्यांपैकी बेजा दरवेश हा बलुची उंटवाला १८९६ मध्ये लॉरेन्स वेल्सच्याच पुढच्या मोहिमेत होता. त्या मोहिमेतील दोघे जण पश्चिमेकडच्या वाळवंटात तहानेने मृत्यू पावले. त्यांपैकी एक वेल्सचा चुलतभाऊ होता. बेजाच्या निष्ठेची आठवण म्हणून वेल्सने त्याला आपले होकायंत्र दिले. १९३९ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ सेसिल मॅडिगन याने सिम्पसन वाळवंट ओलांडले, तेव्हा त्याचे उंट सांभाळणाऱ्यांत बेजाचा मुलगा जॅक होता. सिम्पसन हे नावही मॅडिगननेच १९२९ मध्ये विमानातून पाहणी केल्यानंतर दिले होते.

२२/
मॅडिगनच्या तीन वर्षे आधी, १९३६ मध्ये, टेड कोल्सन हा पशुपालक पीटर एन्स या आदिवासी सोबत्यासह आणि पाच उंटांसह पश्चिमेकडून निघाला. त्या वर्षी पाऊस चांगला झाल्याने उंटांना चारा होता. सोळा दिवसांत ते बर्ड्सव्हिलला पोहोचले. हे वाळवंट सलग पार करणारा पहिला युरोपियन म्हणून कोल्सनची नोंद झाली. वाटेत त्यांना पॉपेलचा खुंट गाठायचा होता, पण जाताना तो सापडला नाही; परतीच्या प्रवासात सापडला. टेकड्यांच्या रांगांत सात फुटी खुंट म्हणजे गवताच्या गंजीतील सुई. वेल्सने तो रोवल्याला तेव्हा अर्धशतक उलटले होते.

२३/
पुढे प्रवास सोपा झाला. १९६२ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ रेग स्प्रिग याने कुटुंबासह हे वाळवंट मोटारीने पार केले. जीर्ण झालेला मूळ खुंट त्यानेच ॲडलेडला आणला, आणि तो जतन केला गेला. १९६३ मध्ये तेलाच्या शोधासाठी फ्रेंच कंपनीने पाडलेली वाट थेट या कोपऱ्यापर्यंत येते. १९७३ मध्ये वॉरेन बोनिथन आणि चार्ल्स मॅकबिन यांनी गाडा ओढत, पायी हे वाळवंट पार केले. मोटारीची सोय झाल्यावरही पायी जावेसे वाटणारी माणसे होतीच.

२४/
अचूकतेचा प्रश्न मात्र सुटला नाही. याच २६ अंशाच्या रेषेवर, पश्चिमेकडे १२९ अंशाजवळ, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांचा कोपरा आहे. तेथील उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची रेषा १९२०च्या दशकात रेडिओवरील वेळेच्या संकेतांनी ठरवलेल्या दोन वेगवेगळ्या खुणांवरून निघाल्या. १९६०च्या दशकात त्या कोपऱ्यापर्यंत मोजल्या, तेव्हा त्या एकमेकींना मिळाल्याच नाहीत. सुमारे १२७ मीटरचे अंतर राहिले. १९६८ मध्ये तेथे एकाऐवजी दोन खुणा उभारल्या गेल्या. खुंट आकड्याहून बलवान, हेच सूत्र येथेही लागू झाले.

२५/
१९११ मध्ये नॉर्दर्न टेरिटरी साउथ ऑस्ट्रेलियापासून वेगळी झाली, तेव्हा पॉपेल कॉर्नर खऱ्या अर्थाने तीन सीमांचा बिंदू बनला. उन्हाळ्यात या तिन्ही प्रदेशांची घड्याळे वेगळी चालतात, म्हणजे तेथे एका रात्रीत तीनदा नववर्ष साजरे करता येईल. पण डिसेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत उष्णतेमुळे वाळवंटातील राष्ट्रीय उद्याने बंद असतात. पॉपेल ज्या महिन्यात तेथे साखळी ओढत होता, त्या महिन्यात आज तेथे कोणाला जाऊ देत नाहीत.

२६/
२०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील या प्रदेशावर वांगकांगुरू आणि यार्लुयांडी लोकांचा पारंपरिक हक्क मान्य केला. तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या नावात आता ‘मुंगा-थिरी’ हे त्यांच्या भाषेतील नाव सिम्पसनच्या आधी येते. अर्थ, मोठ्या वाळूटेकड्यांचा देश. १८३४च्या कायद्यातील २६ अंशाचा आकडा अजून कायम आहे, वेल्सने खुंट हलवला ती जागाही कायम आहे. वाळवंटाच्या अंतरंगात बुजलेल्या मिकिरींच्या जागा वांगकांगुरू वंशज पुन्हा शोधून काढू लागले आहेत. त्यांच्या हाती साखळी नाही; आजी-आजोबांनी सांगितलेली ठिकाणांची नावे आहेत.

— धागा समाप्त —